अप्सरेच्या तळ्यापासून परळच्या खोलीपर्यंत

शिशाचे एक छोटे भांडे. हातात मावते, पण उचलायला गेले की मनगट खाली ओढते. त्याच्या आत काचेची इवलीशी बाटली आणि बाटलीत पाण्यासारखा दिसणारा थोडासा द्रव. बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर एक तारीख आणि एक वेळ छापलेली असते: या दिवशी, या वाजता, यात इतके मिलिक्युरी आयोडिन-१३१ आहे. त्या वेळेआधी ते जास्त असते, नंतर कमी. आठ दिवसांत निम्मे होते, सोळा दिवसांत पाव. हा माल गोदामात भरून ठेवता येत नाही. मध्ये सण आला, पाऊस लागला, लोकल बंद पडल्या, तरी घड्याळ चालूच राहते.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अशा भांड्यांच्या सोबतीत गेली. त्यामुळे भाभा अणुसंशोधन केंद्राचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा अणुभट्ट्यांच्या घुमटांच्या आधी मला हे भांडेच आठवले. केंद्राविषयी बाहेर बोलणे निघाले की वीज आणि बॉम्ब हे दोनच शब्द पुढे येतात. दोन्ही खरे आहेत. पण ट्रॉम्बेच्या फाटकातून इतकी वर्षे दररोज जे बाहेर पडत आले त्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. औषधाच्या बाटल्या, बियाण्यांचे वाण, छातीवर लावायचे बिल्ले, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शिकून तयार झालेली माणसे. मी हा इतिहास फाटकाशी उभा राहून सांगणार आहे.

सुरुवात ट्रॉम्बेत झाली नाही. १२ मार्च १९४४ रोजी चौतीस वर्षांच्या होमी भाभांनी बंगळूरहून सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. १९३९ साली केंब्रिजहून सुट्टीला म्हणून आलेला हा माणूस महायुद्धामुळे इथेच राहिला होता. मूलभूत भौतिकीसाठी एक संस्था काढावी, म्हणजे पुढे अणुशक्ती वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमाला अजून जवळजवळ दीड वर्ष अवकाश होता. ज्या गोष्टीचे नावही सामान्य माणसाने ऐकले नव्हते, तिच्यासाठी भाभा यंत्रे मागत नव्हते, माणसे घडवण्याची जागा मागत होते. मला या पत्रातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढे ट्रॉम्बेत जे काही झाले त्याचा कल तिथेच ठरलेला दिसतो.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि वर्ष संपता संपता मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. त्या दिवसांत काम शहरभर विखुरलेले होते. रसायनशास्त्रज्ञ कॅडेल रोडला, इलेक्ट्रॉनिक्सवाले कुलाब्याच्या युद्धकाळातल्या बराकींत, जीवशास्त्राची मंडळी परळला कर्करोग संशोधनाच्या शेजारी. जानेवारी १९५४ मध्ये ट्रॉम्बेची जागा ठरून ‘अणुऊर्जा आस्थापना, ट्रॉम्बे’ उभी राहिली. ट्रॉम्बे म्हणजे मुळात तुर्भे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, समोर पाण्यात घारापुरी. विखुरलेले विभाग पुढच्या काही वर्षांत एकेक करून तिथे आले. फक्त परळचा धागा तुटला नाही, आणि तो न तुटणे किती उपकारक ठरले ते पुढे येईलच.

अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनने दिले होते. बाकी आराखडा, बांधकाम आणि नियंत्रणाची सगळी इलेक्ट्रॉनिक्स इथल्या माणसांची होती. ए. एस. राव यांच्या गटाने ती नियंत्रणे बनवली, आणि त्याच कामातून पुढे हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली.

अप्सरा म्हणजे साधारण साडेआठ मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि आठ मीटर खोल तळे होते. वर रुळांवर एक गाडा, गाड्यापासून खाली लोंबणारा गाभा. गाडा सरकवला की गाभा तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई, म्हणजे एकाच भट्टीवर निरनिराळे प्रयोग मांडता येत. पाणी तिथे तीन कामे करी: इंधन थंड ठेवी, न्यूट्रॉनांचा वेग कमी करी आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाचे रक्षण करी. त्या कठड्यावरून मी पहिल्यांदा खाली वाकून पाहिले ते आजही डोळ्यांसमोर आहे. तळाशी निळा उजेड होता. दिवा लावल्यासारखा तो एका जागेवरून येत नव्हता, त्या भागातले पाणीच आतून उजळले होते. पाण्यात प्रकाश जितक्या वेगाने जातो त्याहून अधिक वेगाने इलेक्ट्रॉन धावले की हा चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो, हे पुस्तकात वाचलेले होते. पण वाचलेले आणि पाहिलेले यांत फार अंतर असते. २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी आस्थापनेचे उद्घाटन करताना या भट्टीला ‘अप्सरा’ म्हटले. त्या कठड्यावरून एकदा खाली पाहिलेल्या कोणालाही हे नाव का सुचले ते विचारावे लागणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. अप्सरेइतका गाजावाजा त्याचा झाला नाही, पण संस्थेच्या इतिहासातली ही घटना मी अप्सरेच्या बरोबरीची मानतो. देशभरातून विज्ञान आणि अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर शिकवायचे, शिकताना विद्यावेतन द्यायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर नोकरीत घ्यायचे, अशी योजना होती. विद्यापीठांतले जाणते प्राध्यापक पळवून आणण्यापेक्षा आपली माणसे आपण वाढवू, असा भाभांचा आग्रह होता. शिकवायला व्यावसायिक शिक्षक नव्हते. सकाळी प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरशी झगडणारा शास्त्रज्ञच दुपारी फळ्यासमोर उभा राहायचा. अभियंत्याला अणुगर्भाचे भौतिकी शिकावे लागे, भौतिकीच्या विद्यार्थ्याला उष्णतेचे वहन आणि धातूंचे गुणधर्म. त्यामुळे पुढे एका टेबलाभोवती बसले की एकमेकांची भाषा सगळ्यांना कळायची. राजा रामण्णांनी या विद्यालयाच्या उभारणीत घातलेले लक्ष तिथल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजूनही येते.

या विद्यालयातून गेलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही पुष्कळ. अनिल काकोडकर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून आले, प्रशिक्षणात पहिले आले, ध्रुवा अणुभट्टीच्या घडणीत मोठा वाटा उचलला आणि पुढे केंद्राचे संचालक व अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरकडचे शिवराम भोजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आले आणि त्यांनी कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीला आयुष्य वाहिले. कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रावर ट्रॉम्बेत काम केलेल्या बाळ फोंडक्यांनी तर मराठी वाचकाला विज्ञान वाचायची गोडी लावली. वसतिगृहात तमिळ, बंगाली, मल्याळी मुलांबरोबर राहिलेला मराठवाड्यातला मुलगा वर्षभरात जे शिकायचा ते सगळे अभ्यासक्रमात छापलेले नसायचे.

पुढची काही वर्षे घाईची होती. जानेवारी १९५९ मध्ये ट्रॉम्बेत शुद्ध युरेनियम धातूची पहिली लगड निघाली. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या मदतीने बांधलेली ४० मेगावॉटची सायरस सुरू झाली. अप्सरेत आयोडिन आणि फॉस्फरसचे समस्थानिक थोड्या प्रमाणात बनत होते. सायरस आल्यावर ते देशभर पाठवता येतील इतके होऊ लागले. व्ही. के. अय्या यांनी समस्थानिक विभागाची घडी बसवली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात भाभा गेले, आणि पुढच्या वर्षी संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम सायरसमधले होते. त्यानंतर कॅनडाने सहकार्य थांबवले आणि बाहेरून मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी बंद झाल्या. या घटनेवर बरेच लिहिले गेले आहे. मी आता परळकडे वळतो.

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडले, तेही दोराबजी टाटा ट्रस्टच्याच पैशातून. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. भाभांच्या डोक्यात उत्तर स्वच्छ असणार. किरणोत्सारी औषधे ट्रॉम्बेत बनणार, ती वापरणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा, आणि डॉक्टरला काय हवे ते बनवणाऱ्याला कळले पाहिजे. १९६३ मध्ये त्याच परिसरात केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले.

थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडिन वेचून घेते. साधे आयोडिन आणि किरणोत्सारी आयोडिन यांत तिला फरक कळत नाही. याच भाबडेपणावर सगळा उपचार उभा आहे. थोडे आयोडिन-१३१ दिले की ग्रंथी किती काम करते ते बाहेरून मोजता येते. जास्त दिले की शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या, अगदी फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसलेल्या थायरॉइडच्या कर्कपेशीसुद्धा ते ओढून घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. इकडे ट्रॉम्बेत हेच आयोडिन टेल्युरियमपासून बनते. टेल्युरियमचे संयुग भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचे, बाहेर काढून तापवायचे, म्हणजे आयोडिनची वाफ सुटते आणि ती द्रावात पकडायची. शिशाच्या विटांच्या भिंतीमागे लांब दांड्याच्या चिमट्यांनी हे काम करताना हात आपले असतात आणि बोटे नसतात. बाटलीचे बूच लावायला मला पहिल्या महिन्यात जितका वेळ लागे तितक्यात आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ तीन बाटल्या बंद करून होत. या माणसांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर आली नाहीत. पण सोमवारचा माल सोमवारी निघाला तो त्यांच्यामुळे.

टेक्निशियमची गोष्ट आणखी वेगळी. टेक्निशियम-९९एमचे अर्धायुष्य अवघे सहा तास. हाडे, मूत्रपिंडे, हृदय यांची चित्रे काढायला याच्यासारखा दुसरा समस्थानिक नाही, पण सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ नागपूरला पाठवायचा कसा? म्हणून त्याची जननी पाठवायची. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास, आणि त्यातून टेक्निशियम सतत तयार होत राहते. रुग्णालयात रोज सकाळी ते काढून घ्यायचे. या यंत्राला जगभर गाय म्हणतात आणि काढण्याला दोहणे. आपल्या भट्ट्यांत मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉन सोडून जे मिळे ते विरळ असे, परदेशी जनित्रांतल्या छोट्या स्तंभात बसणारे नसे. मग ट्रॉम्बेच्या रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता काढला. मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक मॉलिब्डेनमच्या द्रावात ढवळायचे, टेक्निशियम त्या थरात उतरते, थर वेगळा करून कीटोन उडवून टाकायचे आणि उरलेले सलाइनमध्ये विरघळवायचे. आपल्या देशातल्या कितीतरी रुग्णालयांत तंत्रज्ञांची सकाळ अनेक वर्षे या ढवळण्याने उजाडली. २००९-१० मध्ये कॅनडा आणि हॉलंडच्या जुन्या भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद पडल्या, जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली, तेव्हा आपल्या भट्टीतले विरळ मॉलिब्डेनम हीसुद्धा केवढी पुंजी आहे हे पुष्कळांच्या लक्षात आले.

पण औषध पाठवून भागत नव्हते, ते देणारी माणसे हवी होती. १९६२ पासून ट्रॉम्बेत रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम चालू आहे. कर्करोगाच्या रुग्णाला कोणत्या दिशेने, किती वेळ, किती मात्रेचे किरण द्यायचे याचा हिशेब करणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ त्यातून निघतात. रुग्णाला त्यांचे नाव कधी कळत नाही, पण डॉक्टर त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाहीत. परळच्या सेंटरने १९७३ मध्ये डॉक्टरांसाठी रेडिएशन मेडिसिनची पदविका सुरू केली. देशात आज कुठेही न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गेलात तर तिथे कोणीतरी परळला शिकलेले असते, किंवा परळला शिकलेल्याच्या हाताखाली शिकलेले असते. २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळलाच बसला, कारण पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे, आणि तेवढ्या वेळात मुंबईच्या रस्त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

ट्रॉम्बेतल्या पदार्थविज्ञानाच्या कामाला बाहेर वाचक कमी मिळाले, कारण ते दिसत नाही. एक्स-किरणांना जड अणू ठळक दिसतात, हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. न्यूट्रॉन थेट अणुगर्भावरून विखुरतो, त्याला हायड्रोजन नीट दिसतो. पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर काम करून परतले (ब्रॉकहाऊसना पुढे १९९४ मध्ये याच विषयासाठी नोबेल मिळाले), आणि त्यांनी अप्सरा व सायरसभोवती न्यूट्रॉन विखुरण्याची उपकरणे ट्रॉम्बेच्याच वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. डिसेंबर १९६४ मध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. ट्रॉम्बेची मंडळी स्पेक्ट्रोमीटर घेऊन मनिलाच्या अणुभट्टीवर शिकवायला गेली. आर. चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या स्फटिकांत हायड्रोजन नेमका कुठे बसलेला असतो ते सायरसच्या न्यूट्रॉनांनी मांडले. प्रथिनांच्या घड्या ज्या बंधांनी टिकतात त्यांचा हा पत्ता होता.

धातूंचे कामही असेच मुकाट्याचे. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण तो न्यूट्रॉन जवळजवळ खात नाही. पण खनिजात त्याच्या बरोबर हाफ्नियम असतो आणि तो न्यूट्रॉन अधाशासारखा खातो. दोघे रासायनिकदृष्ट्या सख्ख्या जुळ्यांसारखे. त्यांना वेगळे करण्याची विद्या ट्रॉम्बेत कमावली गेली आणि मग हैदराबादच्या इंधन संकुलात मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

सर्वच काम पहिल्या झटक्यात जमले असे नाही, आणि स्मरणिकेत तेही लिहायला हवे. १०० मेगावॉटची, संपूर्ण आपल्या रचनेची ध्रुवा ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली आणि पाण्याच्या प्रवाहात तिच्या इंधन-जुळण्या थरथरू लागल्या. आवरण घासून झिजू लागले. भट्टी थांबवावी लागली. रचना सुधारून ध्रुवा पूर्ण क्षमतेवर चालायला जानेवारी १९८८ उजाडला. ती अडीच वर्षे केंद्रात चेहरे उतरलेले असायचे. आज देशातले बहुतेक आयोडिन आणि ल्युटेशियम-१७७ सारखी नवी औषधे याच ध्रुवेतून येतात. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या समाईक संशोधन संस्थेमार्फत महाविद्यालयातला प्राध्यापकही आपला नमुना घेऊन ध्रुवेच्या न्यूट्रॉन किरणावर बसू शकतो.

एक बिल्ला मात्र मला जवळून दाखवायचा आहे. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला एक चौकोनी प्लास्टिकचा बिल्ला अडकवलेला असतो. आत धातूची एक पट्टी आणि तिच्यावर तीन पांढऱ्या चकत्या. चकत्या टेफ्लॉनच्या, त्यांत डिस्प्रोशियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट. अंगावर जितके किरण पडले तितकी ऊर्जा हा पदार्थ मुकाट्याने साठवतो. तीन महिन्यांनी चकत्या तापवल्या की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते, तो प्रकाश मोजायचा, म्हणजे त्या माणसाचा तिमाहीचा हिशेब लागला. १९७५ पासून या बिल्ल्यांनी जुन्या फिल्मच्या बिल्ल्यांची जागा घेतली. हे बिल्ले ट्रॉम्बेत घडले. लहान गावातल्या एक्स-रे क्लिनिकमध्ये बसलेल्या माणसाची काळजी कोणीतरी दूरवरून तीन महिन्यांनी का होईना घेत आहे, ही कल्पना मला नेहमी हलवून जाते.

१९७४ मध्ये ट्रॉम्बेत आयसोमेड हे निर्जंतुकीकरण केंद्र सुरू झाले. सिरिंज, हातमोजे, टाके घालायचे धागे, ड्रेसिंग असा माल खोक्यांत बंद होऊन येतो आणि साखळीवर लटकून कोबाल्ट-६० च्या भोवती फिरतो. २५ किलोग्रेची मात्रा मिळाली की खोके न उघडता आतले जंतू संपतात. प्लास्टिक वाफेत टाकले तर वितळेल, इथे ते गरमही होत नाही. खेड्यातल्या बाळंतपणासाठी दाईच्या हाती द्यायचे निर्जंतुक संचही इथे तयार झाले. टाटा रुग्णालयाने १९८८ मध्ये ऊतीपेढी काढली तेव्हा वारेतले पातळ पडदे आणि हाडांचे तुकडे निर्जंतुक व्हायला इथेच येऊ लागले. भाजलेल्या जखमेवर तो पडदा ठेवला की वेदना कमी होते. पुढे ट्रॉम्बेत हायड्रोजेल बनले. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरवर गॅमा किरण सोडले की साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पारदर्शक, गार, ओलसर चकती तयार होते, आणि त्याच मात्रेत ती निर्जंतुकही होते. जखम न उघडता आरपार पाहता येते. वैद्यक आणि पदार्थविज्ञान यांच्या मधली भिंत त्या चकतीत उरलेली नाही.

शेतीचा विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा, पण विदर्भातला वाचक मला माफ करणार नाही. किरणांनी बियाण्यांत बदल घडवून निवडलेले वाण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर तयार झाले. उडदाचा टीएयू-१ हा १९८५ चा, भुईमुगाचा टीएजी-२४ हा १९९१ चा. नावातला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. लासलगावला २००२ पासून कांद्याला कोंब येऊ न देणारे कृषक केंद्र आहे, आणि २००७ मध्ये तिथूनच किरण दिलेला हापूस अमेरिकेला गेला.

शाळकरी मुलांकडे अणुऊर्जा विभागाचे लक्ष गेले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही माणसांमुळे. भा. मा. उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. महापालिकेच्या शाळांतली मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा शोध घेताना त्यांना दिसले की अडचण पुष्कळदा पुस्तकाच्या भाषेची आहे. वाक्ये सोपी केली, अनोळखी संस्कृत शब्द कमी केले, की तीच मुले तोच विषय समजू लागतात. जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांतही त्यांनी काम केले. आता हे केंद्र मानखुर्दला, अणुशक्तीनगरच्या शेजारी आहे. ऑलिम्पियाडची मुले तिथे तयार होतात. पण मला ते आठवते महापालिकेच्या मुलांमुळे.

अप्सरा २००९ मध्ये थांबली, सायरस २०१० च्या अखेरीस. १० सप्टेंबर २०१८ रोजी त्याच जागी नवी अप्सरा सुरू झाली, २ मेगावॉटची, या वेळी इंधनही आपलेच. वापरून झालेल्या इंधनातले सीझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली ट्रॉम्बेत बनतात आणि त्या रक्तपेढीतल्या यंत्रांत बसतात. अशक्त रुग्णाला रक्त देण्याआधी त्यातल्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय करायला त्यांचा उपयोग होतो. ज्याला कचरा म्हणून पुरायचे ठरले होते त्याला असे काम मिळाले.

शेवटी परळची एक आठवण. कामानिमित्त सेंटरमध्ये गेलो असताना आयोडिनच्या वॉर्डबाहेर थांबलो होतो. आत रत्नागिरीकडच्या एक मावशी होत्या. दोन आठवडे मीठ वेगळे, मासे बंद, मग ते बिनचवीचे पाणी पिऊन त्या खोलीत एकट्या राहिल्या होत्या. जेवण दाराशी ठेवले जायचे, मुलगा दुरूनच बोलून जायचा. रोज सकाळी तंत्रज्ञ मीटर घेऊन ठरलेल्या अंतरावर उभा राही आणि आकडा लिहून घेई. त्या दिवशी आकडा मर्यादेखाली आला आणि दार उघडले. मावशींनी पिशवी घेतली, आणि डॉक्टरांना पहिली गोष्ट विचारली, “नातवाला कडेवर कधी घेऊ?”

डॉक्टरांनी बोटांवर दिवस मोजले, एका चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि ती वाचून दाखवली. मावशींनी ती दोनदा म्हणून घेतली, चिठ्ठीची नीट घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.